पावसाळ्यात कोरडा पडणारा अजगर

जुलैच्या मध्यावर मुंबईत भिंतींना ओल येते, पापड सादळतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा दिवसांत कुणी म्हणालं, की घरात पाळलेल्या बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची कात हवा कोरडी असल्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी निघतेय, तर ऐकणारा हसेल. पण असं होतं, आणि बहुतेकदा एसी लावलेल्या खोलीत होतं. मुंबईतले साप पाळणारे हिवाळ्यात पेटीत नेमाने पाणी फवारतात आणि पावसाळा लागला, की ‘आता बाहेरच एवढं दमट आहे’ म्हणून निर्धास्त होतात. हिशेब चुकतो तो इथेच.

घोळ टक्क्यांचा आहे. आर्द्रतामापक जो आकडा दाखवतो तो हवेतल्या पाण्याचा नसतो. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, एवढंच तो सांगतो. ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २४ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम वाफ राहते, तर ३२ अंशांना जवळजवळ ३४ ग्रॅम. म्हणजे हवेतलं पाणी तेवढंच ठेवून हवा नुसती तापवली तरी टक्के घसरतात. आणि सापाच्या पेटीत आपण करतो काय, तर हवा तापवतो, एक बाजू मुद्दाम जास्त.

जुलैतली एक संध्याकाळ धरू. बाहेर २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी झालं. खिडकी उघडी असेल तर हीच हवा पेटीत शिरते आणि गरम बाजूला ३२ अंशांपर्यंत तापते; तिथे आर्द्रता भरते ६८ टक्के. बॉल पायथनला ६० ते ८० टक्के लागतात, तेव्हा काही न करता काम झालं. आता त्याच संध्याकाळी खिडकी लावून एसी सुरू करा. एसीच्या आतल्या थंडगार नळ्यांवर वाफेचं पाणी होतं आणि ते मागच्या पाइपातून खाली टपकतं (ज्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात, ते हेच पाणी). खोली २४ अंश आणि ५० टक्क्यांवर स्थिरावली, तर घनमीटरमागे उरलं फक्त ११ ग्रॅम. ही हवा पेटीत ३२ अंशांवर गेली, की आर्द्रता ३२ टक्के. खिडकीबाहेर धो-धो पाऊस आणि आत अजगर माळरानावरच्या हवेत.

ताडून पाहायला जानेवारीतली दुपार घेऊ: ३१ अंश, ४५ टक्के. पेटीत ३२ अंशांना ही हवा ४३ टक्क्यांवर येते. म्हणजे एसीतली पावसाळी रात्र सापासाठी जानेवारीच्या दुपारपेक्षा कोरडी. फेब्रुवारी-मार्चमधले काही दिवस तेवढे अपवाद. जमिनीकडून पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि दुपारी शहराचीच हवा भाजल्यासारखी कोरडी होते. बाकी वर्षभर पेटीतला ऋतू ठरवतो तो एसीचा रिमोट.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण ते टाळता येत नाही. नाग, धामण, मांडूळ, भारतीय अजगर हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते घरी ठेवणं गुन्हा आहे, ‘मला बागेत सापडला’ म्हटलं तरी. बॉल पायथन आफ्रिकेतला. तो साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नये. इथे जे लिहिलंय ते नोंदणी केलेला साप घरात आहे असं धरून.

तर, सापाला हवेतलं पाणी हवं कशाला? तो तर वाटीतलं पाणी पितो.

सापाचे खवले म्हणजे जलरोधक चिलखत, असा सर्वसाधारण समज आहे. १९७२ मध्ये अभ्यासकांनी जन्मतःच खवले नसलेला एक गोफर साप तपासला. खवले नाहीत म्हणजे तो भराभर सुकायला हवा होता, पण त्याच्या शरीरातून पाणी जात होतं ते नेहमीच्या खवलेदार सापाइतकंच. पाणी अडवणारी खरी गोष्ट खवल्यांत नसून त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांच्या पातळ थरांत असते. हे थर पाणी अडवतात, पण पूर्ण बंद करत नाहीत. त्वचेतून आणि प्रत्येक उच्छ्वासातून पाणी जात राहतं, आणि भोवतालची हवा जितकी कोरडी तितकं जास्त. पाण्याची ओढाताण सापाच्या विष्ठेतही दिसते. त्याच्या शरीरातला नायट्रोजन लघवीऐवजी पांढऱ्या, ओलसर युरेटच्या रूपाने बाहेर पडतो. तो खडूसारखा कडक आणि पिवळट दिसू लागला, तर सापाला पाणी कमी पडतंय.

कातीचं गणित याहून नाजूक आहे. जुन्या त्वचेखाली नवी त्वचा आधी पूर्ण तयार होते, मग दोन थरांच्या मध्ये द्रव झिरपतो आणि ते एकमेकांपासून सुटतात. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही बदलतो. म्हणूनच या दिवसांत डोळे निळसर, दुधाळ दिसतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप नाकाडं कशावर तरी घासून कात सोडवायला लागतो. सगळं नीट झालं तर पायातून मोजा काढावा तशी ती उलटी होत एकसंध निघते, डोळ्यांच्या दोन गोल काचांसकट. हवा कोरडी असेल तर जुना थर निघण्याआधीच सुकतो, आवळतो, फाटतो. मग पाठीवर चिकटलेले तुकडे, डोळ्यावर राहून गेलेली जुनी काच आणि शेपटीच्या टोकाला कातीचं कडं. यातलं शेवटचं सर्वांत वाईट, कारण सुकत जाणारं कडं रक्तपुरवठा तोडतं.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथनचा मुलूख काही बारमाही ओला नाही. तिथे कोरडा ऋतू चांगलाच कडक असतो. पण तो साप दिवसाचे तास उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो, आणि जमिनीखालची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट असते. ‘आफ्रिकेतला आहे, उकाडा सोसेल’ हे म्हणणं म्हणूनच अर्धवट. पूर्ण पेटीचं जंगल करायची गरज नाही; त्याला हवं आहे ते बीळ.

आता मोजमाप. काटा असलेली गोल, स्वस्त आर्द्रतामापकं मी तरी कुणाला सुचवणार नाही. ती सहज दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे असतात. डिजिटल घ्यावं आणि शक्यतो दोन, कारण एकाच पेटीत, हवेतलं पाणी सगळीकडे सारखं असतानाही, ३२ अंशांच्या बाजूला ५८ टक्के आणि २६ अंशांच्या बाजूला ८० टक्के दिसू शकतात. दोन्ही आकडे बरोबरच. तापमान न सांगता नुसते टक्के सांगणाऱ्याचा सल्ला ऐकू नये.

डिजिटल यंत्रही तपासून घ्यावं लागतं आणि त्यासाठी लागतं ते फक्त स्वयंपाकघरातलं मीठ. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, आणि ते झाकण व मापक हवाबंद डब्यात एकमेकांना न टेकता एक दिवस ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले, तर तुमचं यंत्र पाच कमी दाखवतं हे लक्षात ठेवा. ही कुणाची सोयीची युक्ती नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या तापमानांना ७५ टक्क्यांवरच स्थिर होते; हवा त्याहून दमट असेल तर मीठ तिच्यातलं पाणी ओढून पाघळतं, कोरडी असेल तर सुकतं. पावसाळ्यात आपल्या बरणीतलं मीठ ओलं होतं आणि मिठागरांचं काम पावसाळ्यात बंद असतं, त्यामागे पावसाइतकाच हा ७५चा आकडाही आहे.

आकडा कमी निघाला, की हात आधी स्प्रेच्या बाटलीकडे जातो. फवारल्यावर मापकावर ८५ दिसतात, मनाला बरं वाटतं, आणि तासा-दोन तासांत सगळं होतं तिथे येतं. आधी पाहावं ते झाकणाकडे. मासे ठेवायच्या काचेच्या टाकीवर जाळी टाकून केलेल्या पेटीत वर दिवा असेल, तर गरम हवा जाळीतून सतत वर निसटते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा येते. जाळीचा तीन चतुर्थांश भाग ॲक्रिलिकच्या पट्टीने झाकला (दिव्यापासून अंतर राखून), तरी फरक पडतो. सुताराकडून प्लायची पेटी करून घेणार असाल तर आतून जलरोधक लेप द्या, सांधे बंद करा आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका.

दुसरं म्हणजे तळ. वर्तमानपत्र सोपं, पण ते पाणी साठवत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट कुठल्याही नर्सरीत मिळतं. ते आधी दोन-तीनदा धुवावं, कारण त्यात क्षार असू शकतात. आठ-दहा सेंटीमीटरचा थर द्यावा आणि पाणी वर न शिंपडता चारही कोपऱ्यांतून हळूहळू ओतावं. खालचा थर ओला राहतो, वरचा हाताला कोरडा लागतो, आणि पाणी दिवसभर थोडं-थोडं हवेत येत राहतं. पसरट तोंडाचं पाण्याचं भांडं गरम बाजूकडे सरकवलं, की तेही मदत करतं. आणि बिळाची हौस एका झाकणाच्या प्लास्टिक डब्याने भागते: बाजूला भोक, आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं एक शेवाळ). डोळे दुधाळ झाले, की साप बहुधा आपणहून त्यात जाऊन बसतो.

दमट आणि ओलं यांतला फरक मात्र विसरू नये. हवा दमट हवी, पोटाखाली चिखल नको. सतत ओल्या, घाण तळावर बसलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांवर आधी लालसर डाग, मग फोड येतात. पुढे जिवाणू आत शिरतात. त्याहून घातक आहे थंडी आणि ओल एकत्र. ‘पावसात कशाला हीटर’ म्हणून तापवणं बंद केलं आणि एसी २२ वर ठेवला, तर सापाची प्रतिकारशक्तीही तापमानाबरोबर खाली येते. सापाला माणसासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) नाही, फुप्फुसातला कफ त्याला खोकून काढता येत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकपुडीशी बुडबुडे यांपैकी काही दिसलं, की घरगुती उपाय थांबवावेत.

वरचे आकडे सगळ्या सापांना लावू नयेत. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के पुरतात, हॉगनोज आणि केनियन सँड बोआ त्याहून कोरड्या हवेत खूश. उघड्या खिडकीच्या मुंबईकर घरात जुलैत त्यांना उलट जास्तच दमट होतं. तिथे जाळी मोकळी, भांडं लहान, आणि ज्या एसीला आत्तापर्यंत नावं ठेवली तोच उपयोगी.

कात अर्धवट राहिलीच, तर कोरडी सोलू नये. पोट बुडेल इतक्याच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, नजरेसमोर ठेवून, आणि मग ओल्या टॉवेलच्या घड्यांमधून त्याला सरपटू द्यावं. बरीचशी कात तिथेच निघते. डोळ्यावर राहिलेली काच चिमट्याने काढायला जाऊ नये, खालची नवी काच फाटली तर डोळा जातो. आर्द्रता वाढवून पुढच्या कातीची वाट पाहावी, तेव्हाही निघाली नाही तर सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवावं. शेपटीच्या कड्यासाठी मात्र पुढच्या कातीपर्यंत थांबू नये. टोक काळपट दिसलं तर त्याच दिवशी न्यावं.