जाळी जाड असली की गटार मजबूत?

गोव्यात पावसाळ्याआधी एक सल्ला हमखास फिरतो: गेटजवळच्या गटारावर जाड लोखंडी जाळी टाका, टँकर गेला तरी काही होत नाही.

प्रत्यक्षात जाळीवरचा भार चौकटीतून बाजूच्या काँक्रीटमध्ये उतरतो. तिथे नुसता मातीचा भराव असेल, तर पावसात तो बसतो, चौकट खचते आणि कितीही जाड जाळी खडखडू लागते. म्हणून चॅनलखाली, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीखाली, आणि दोन्ही बाजूंना काँक्रीट हवंच. यात काटकसर करू नका.

जाळीची जाडी नव्हे, भारवर्ग बघा, म्हणजे ती किती भार पेलते याची श्रेणी. युरोपीय मानकात बी १२५ म्हणजे १२५ किलोन्यूटन, सुमारे साडेबारा टन चाचणीभार. मोटारींना तो पुरतो. टँकर येत असेल तर सी २५० किंवा डी ४०० घ्या. वर्ग बहुधा जाळीवरच उठवलेला असतो. बसवलेल्या गटारावरून गाडी हळू न्या; खडखड ऐकू आली किंवा कडेला भेगा दिसल्या, तर आधी काँक्रीट तपासा.