पार्श्वभूमी : एटी१ए रिसेप्टर, नॉकआउट उंदीर आणि मूत्रपिंड

मूत्रपिंडाच्या अर्काने सशांचा रक्तदाब चढतो, हे १८९८ मध्येच नोंदवले गेले होते. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक रक्तदाब चढवते ते मूत्रपिंडामार्फत की रक्तवाहिन्यांमार्फत, या सध्याच्या वादाची मुळे मात्र १९९५ मधली आहेत. त्या वर्षी अँजिओटेन्सिनच्या एटी१ए रिसेप्टरचे (ते ज्याला चिकटून काम करते, त्या पेशीवरील प्रथिनाचे) जनुक काढून टाकलेल्या, म्हणजे ‘नॉकआउट’, उंदरांचा सिस्टोलिक रक्तदाब नेहमीच्या उंदरांपेक्षा सुमारे २४ मिमी पाऱ्याने कमी भरला.

यातली ‘एटी१ए’ ही संज्ञाच घोटाळ्याची आहे. माणसात एटी१ रिसेप्टरचे जनुक एकच असते. उंदरात दोन असतात, ए तेराव्या गुणसूत्रावर आणि बी तिसऱ्यावर. दोन्ही प्रथिने नव्वद टक्क्यांहून अधिक सारखी असून लोसार्टन हे रक्तदाबाचे औषध दोघांनाही अडवते, त्यामुळे औषध देऊन त्यांची कामे वेगळी करता येत नाहीत आणि जनुकच काढावे लागते. तरीही ए-विरहित उंदराला सर्रास ‘एटी१ नॉकआउट’ म्हटले जाते, जणू बी अस्तित्वातच नाही. मूत्रपिंड उभे चिरले की फरक कळतो. केवळ ए नसेल, तर रचना जवळपास नेहमीसारखी असते. १९९८ मध्ये दोन्ही जनुके काढलेल्या उंदरांत मात्र आतले टोक, म्हणजे पॅपिला, आक्रसलेले आणि त्याखालची मूत्राची पोकळी फुगलेली आढळली. तेव्हा ए-विरहित उंदीर म्हणजे लोसार्टन घेणाऱ्या माणसाची प्रतिकृती, हे समीकरण फार सैल आहे.

रक्तदाब उतरतो तो मूत्रपिंडामुळे की रक्तवाहिन्या, मेंदू, अधिवृक्क ग्रंथी यांच्यामुळे, हे संपूर्ण शरीरातून जनुक काढून कळणे शक्यच नव्हते. २००५ मध्ये यावर अदलाबदलीचा मार्ग काढला गेला: उंदराची स्वतःची दोन्ही मूत्रपिंडे काढायची आणि जनुकीयदृष्ट्या जुळणाऱ्या, म्हणजे शरीर नाकारणार नाही अशा, दात्याचे एक बसवायचे. रिसेप्टर फक्त मूत्रपिंडात, फक्त बाहेर, दोन्हीकडे किंवा कुठेच नाही, असे चार गट त्यातून मिळाले. एरवीच्या रक्तदाबात दोन्ही बाजूंचा वाटा जवळपास सारखा निघाला. उद्धृत होतो तो मात्र २००६ चा पुढचा प्रयोग, आणि ते योग्यच आहे: चार आठवडे अँजिओटेन्सिन सोडत राहिल्यावर रिसेप्टर फक्त मूत्रपिंडात असलेल्या उंदरांचा रक्तदाब चढला आणि हृदयही वाढले, मूत्रपिंडात रिसेप्टर नसलेल्यांत, हृदयात तो शाबूत असूनही, तसे घडले नाही.

२०११ मध्ये गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे दोन तृतीयांश परत शोषणाऱ्या, मूत्रपिंडातल्या समीप नलिकेतूनच तेवढा रिसेप्टर काढला, तेव्हाही रक्तदाब उतरला. रक्तवाहिन्यांची बाजू मांडणाऱ्यांना २०१५ मध्ये आधार मिळाला, कारण वाहिन्यांच्या स्नायूंमधला रिसेप्टर काढल्यावरही अँजिओटेन्सिनने चढणारा रक्तदाब कमी राहिला. परंतु त्याचे स्पष्टीकरण मूत्रपिंडातल्या रक्तप्रवाहात आणि लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या सोडियममध्येच सापडले.