नवजात बाळाची सुंता : काम छोटं, पण घाई कसली?

अमेरिकेत मुलगा झाला की घरी सोडण्याआधी नर्स सहज विचारते, “सुंता करायची आहे का?” लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलेली आजी दचकते. आपल्याकडे हा धर्माचा विषय. तिथे ज्यू किंवा मुस्लिम नसलेल्या घरांतही ती रुळलेली रीत आहे.

काम तसं छोटं. बाळाचे हातपाय हलू नयेत म्हणून त्याला साच्यात बांधतात, शिश्नाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन भाग बधिर करतात आणि साखरपाण्यात बुडवलेली चोखणी तोंडात देतात. गोम्को पद्धतीत धातूची छोटीशी घंटा बोंडावर, म्हणजे शिश्नाच्या टोकावर बसवतात, कातडी तिच्यावर ओढून घेतात आणि स्क्रू आवळतात. पाचेक मिनिटांच्या दाबाने रक्तवाहिन्या मिटतात, मग जादा कातडी कापतात. सहसा टाका लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत प्लास्टिकची कडी घालून वरून दोरा बांधतात; आठवडाभरात ती आपोआप गळून पडते. नंतर बोंडावर पिवळसर पापुद्रा धरतो. तो पू नव्हे, पुसून काढू नये.

मूत्रछिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर मात्र सुंता थांबवतात, कारण पुढे ते दुरुस्त करायला हीच कातडी कामी येऊ शकते. घराण्यात हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असेल तर आधी रक्ताची तपासणी.

फायदा किती? पहिल्या वर्षात मुलांना होणारा लघवीचा जंतुसंसर्ग कमी होतो, पण तो मुळातच शंभरात एखाद्याला होतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये फायदे जोखमीपेक्षा जास्त असल्याचं म्हटलं, तरी सरसकट सगळ्यांची करा असं सांगितलं नाही. निर्णय आईवडिलांवर सोडला. मला हे योग्य वाटतं.

‘कातडी मागे जात नाही’ म्हणून सुंता करायला निघणं मात्र चूक. ब्रिटिश डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्येच दाखवलं, की जन्मतः जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे सरते. बाकीच्यांची आतून चिकटलेली असते आणि वाढत्या वयात आपसूक सुटते. आपल्याकडे मालिशवाल्या बाई ती रोज ओढतात, त्याने चिरा पडून व्रण होतात आणि नसलेला आजार खरंच तयार होतो. मोठेपणीही घट्ट राहिली तर डॉक्टर आधी स्टिरॉइडचं मलम देऊन पाहतात. बऱ्याच मुलांचं तेवढ्यावर भागतं.