हिल्मा हूकर : बुडालेल्या मालवाहू जहाजावर उतरण्याआधी

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाच्या सहलीची चौकशी करणारे बहुतेक ग्राहक आधी याच जहाजाबद्दल विचारतात. सुमारे ७२ मीटर लांबीचे हिल्मा हूकर ३० मीटर खोल वाळूवर उजव्या कुशीवर पडले आहे. १९८४ मध्ये बिघाड झाल्याने ते बोनेअरला ओढून आणले आणि तपासणीत खोट्या भिंतीमागे सुमारे ११ टन गांजा सापडला. मालक पुढे आला नाही, जहाजात पाणी शिरत राहिले. मुख्य धक्क्यालाच बुडू नये म्हणून ते दूर नेऊन नांगरले आणि १२ सप्टेंबरला ते तिथेच तळाला गेले. आज त्याच्या पत्र्यावर स्पंज आणि प्रवाळ वाढले आहेत.

पाणी नितळ, किनाराही पोहत जाण्याइतका जवळ, म्हणून ही डाइव्ह सोपी वाटते. ती सोपी नाही. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो; वर तासभर पुरणारी हवा तिथे पाव तासात संपते. साध्या हवेवर त्या खोलीला जेमतेम २० मिनिटे मिळतात, त्यापुढे थेट वर येणे धोक्याचे. शिवाय नायट्रोजनची गुंगी येते: माणूस खुशीत असतो आणि गेज (हवा व खोली दाखवणारे मीटर) बघायचे विसरतो. अशा वेळी बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, खूण करून काही मीटर वर या, गुंगी उतरते.

म्हणून आम्ही आधी खाली प्रोपेलर बघतो, मग डेकच्या कडेने सरकत साधारण १८ मीटरवरच्या डाव्या बाजूवर येतो आणि उरलेला वेळ तिथेच काढतो. शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचेच, हवा कितीही शिल्लक असो.

तारकर्ली-मालवणला प्रशिक्षकाने धरून नेलेली डाइव्ह आनंदाची असते, पण ती पात्रता नव्हे. ओपन वॉटर या डायव्हिंगच्या पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादा १८ मीटर. इथे त्यापुढचे, ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट लागते.

जहाजाच्या आत आम्ही कोणालाही नेत नाही. आडव्या जहाजात दारे, जिने सगळेच कलंडलेले असते, गाळ उठला की बाहेरची वाट दिसत नाही. कृपया आग्रह धरू नका.

बोनेअरच्या सागरी उद्यानात हातमोजे घालायला बंदी आहे, कशालाही हात लावायचा नाही. उद्यानाचे शुल्क आधी भरावे लागते, आणि खोल जाण्यापूर्वी उथळ पाण्यात एक ओळखीची डाइव्ह करावी लागते.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, म्हणून सहलीचा शेवटचा दिवस आम्ही पाण्याबाहेरच ठेवतो. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा नियमित औषधे असतील तर डॉक्टरांचे लेखी पत्र लागेल. ते पत्र, सर्टिफिकेट आणि लॉगबुकची (केलेल्या डाइव्हच्या नोंदवहीची) प्रत बुकिंगच्या वेळीच द्यावी.