पोलादपूर कुठे संपते, आंबेनळी कुठे सुरू होते

दख्खनच्या लाव्हाचे जुने वर्गीकरण सरधोपट होते. नागपूर-जबलपूरकडचा खालचा, माळव्यातला मधला, मुंबई-सौराष्ट्राकडचा वरचा. विहिरी, धरणे, बोगदे यांच्या कामात त्याचा फारसा उपयोग नव्हता. तिथे भरीव काळा पाषाण आणि पोकळ्यांत झिओलाइट नावाचे पांढरे खनिज भरलेला मांजऱ्या, एवढ्यावर भागत असे. आजही भागते.

१९८० च्या दशकात चित्र बदलले. घाटाघाटांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत नमुने गोळा झाले आणि टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणावरून कळसूबाई, लोणावळा, वाई असे तीन उपगट पाडले गेले. यामागचे कारण भक्कम आहे. लाव्हा वर येताना वाटेतला ग्रॅनाइटसारखा खडक त्यात कमी-अधिक मिसळतो आणि त्याची खूण रसायनात राहते. प्रत्येक उपगटात पुन्हा गावा-घाटांच्या नावाचे थर आहेत. त्यांतल्या लोणावळा उपगटातल्या बुशे थरांत ही भेसळ सर्वाधिक, वाई उपगटातल्या आंबेनळीत जवळजवळ नाहीच.

वाद इथेच आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटात रस्त्याकडेचा कातळ पाहा. वर महाबळेश्वर, मग आंबेनळी, खाली पोलादपूर, अशी नकाशात तीन नावे. डोळ्यांना मात्र सगळा सारखाच काळा. हातोडा घेऊन हिंडणाऱ्याला सीमा सापडत नाही. त्यामुळे डोंगरात फिरून नकाशे करणाऱ्यांचा एक वर्ग प्रवाहाच्या रूपावरच अडून राहिला: गुळगुळीत दोरखंडी लाव्हा की खडबडीत खंगरांचा. हट्ट वाटला तरी त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. प्रयोगशाळेशिवाय ओळखू न येणारी सीमा नकाशावर आखायची कशी? कळसूबाई उपगटात तेवढा समेट होतो. तिथे बऱ्याच सीमांवर बोटाच्या पेराएवढे पांढरे फेल्डस्पारचे स्फटिक असलेले प्रवाह आहेत, आणि ते लांबूनही ओळखू येतात.

लांबच्या जुळणीत अडचण वाढते. जबलपूरकडच्या काही प्रवाहांचे रसायन आंबेनळीशी जुळते, शिशाचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या शिशाच्या अणूंचे प्रमाण, मात्र जुळत नाही. सारखे रसायन म्हणजे एकच प्रवाह, असे धरता येत नाही.

तरी पुढचे कालमापन याच नावांवर उभे राहिले. २०१९ मध्ये दोन गटांनी डायनासोरांच्या अंताशी, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सीमेशी, लाव्हाची सांगड घातली. एकाने थरांमधल्या लाल मातीतल्या झिरकॉन या बारीक स्फटिकांचे वय मोजले आणि पोलादपूरचा मोठा उद्रेक सीमेच्या जरा आधी ठेवला. दुसऱ्याने लाव्हातल्या फेल्डस्पारचे वय मोजले. त्याच्या मते सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा सीमेनंतरचा. दोघांचे नमुने कोणत्या थराचे, हे ठरवले होते रसायनानेच.