कलावंतीण ज्वालामुखी नाही हो!

दर पावसाळ्यात कुणाचा तरी फोटो येतोच. ढगात घुसलेला कलावंतीणचा सुळका आणि खाली ओळ: 'पनवेलजवळचा मृत ज्वालामुखी'. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी गप्प बसलो. यंदा कल्याणजवळच्या मलंगगडाचा आला, त्यात 'कधीही जागा होऊ शकतो' अशी भर घातलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री साडेदहाला फोन केला, "अहो, आमचा मुलगा कल्याणला फ्लॅट बघतोय. घ्यावा का नको?" घ्या म्हटलं, पाणी किती वेळ येतं तेवढं विचारा.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो आणि थंडीत रविवारी दहा-बारा जणांना घेऊन ठाणे-पनवेलच्या डोंगरांत हिंडतो. हा घोळ इतक्या वेळा निस्तरलाय की आता लिहूनच ठेवतो.

आपला काळा दगड बेसॉल्ट, तो लाव्हा थिजून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. एवढं शाळेत झालेलं असतं. मॅग्मा जमिनीच्या आत, लाव्हा बाहेर. त्यावर वेळ घालवू नका. आआ म्हणजे खडबडीत लाव्हा, पाहोईहोई म्हणजे गुळगुळीत. हवाई बेटांवरची नावं आहेत, उच्चारायला मजा येते, पण त्यावरून कुणाची गफलत झालेली मी पाहिली नाही.

गफलत होते ती पुढे. दगड ज्वालामुखीचा, म्हणजे डोंगर ज्वालामुखी, असं लोक धरून चालतात. भट्टीतल्या विटांनी बांधलं म्हणून घराला कुणी वीटभट्टी म्हणत नाही.

ज्वालामुखीचा डोंगर रचला जातो. मेक्सिकोत १९४३ साली पारिकुतिन नावाचा ज्वालामुखी एका मक्याच्या शेतात उगवला आणि ९ वर्षांत ४२४ मीटर उंच झाला. मुखातून उडालेले जळके, सच्छिद्र खडे भोवती पडत गेले, खळ्यात ओतलेल्या धान्याची रास होते तसे. अशी रास मधोमध कापली तर प्रत्येक थर मुखापासून बाहेर, खाली उतरताना दिसेल. डोंगराचा उतार आणि थराचा उतार एकच.

आमचे सह्याद्रीचे डोंगर असे रचलेले नाहीत, ते उरलेले आहेत. ताटभर थापलेल्या वडीतल्या कडेच्या वड्या पोरांनी पळवल्या आणि मध्ये दोन राहिल्या, तर त्या दोन तिथेच 'उगवल्या' असं कुणी म्हणेल का? लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. मग पाऊस आणि नद्यांनी ते कोट्यवधी वर्षं खाल्ले. जे खाऊन झालं नाही त्याला आपण प्रबळगड म्हणतो, माहुली म्हणतो. सुळक्याचा शंकू पाण्याने कोरलाय, आगीने नाही.

हे बघायला प्रबळमाचीवर जा. समोर प्रबळगड आणि कलावंतीण, मध्ये इंग्रजी व्हीसारखी खाच. टणक थराचा उभा कडा, त्याखाली मऊ, सच्छिद्र थराचा गवताळ उतार, पुन्हा कडा. या पायऱ्यांवरूनच आपल्या लाव्हाच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' हे नाव पडलं. स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना. ('दख्खनचा सापळा' असं भाषांतर मी छापलेलं वाचलंय. त्या दिवशी चहा गार झाला माझा.) एका मुलाला मी मोबाइलवरच्या फोटोत बोटाने रेघ ओढायला लावलं. प्रबळच्या एका कड्याच्या तळापासून सुरू करून सरळ खाचेपलीकडे. रेघ कलावंतीणच्या तशाच कड्याच्या तळाशी जाऊन टेकली. त्याने पुढचा कडा धरला, तोही टेकला. म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंना तेच थर, आणि सुळक्याच्या अंगावर येऊन ते कापल्यासारखे संपतात. अंगावरून खाली उतरत नाहीत. कलावंतीण स्वतंत्र ज्वालामुखी असती तर ही रेघ जुळलीच नसती.

एवढं समजलं की लोक खूश होतात, आणि मग मी त्यांना पारसिकला नेऊन पुन्हा गोंधळात टाकतो.

पारसिकच्या डोंगराचे थर आडवे नाहीत. ऐरोली-रबाळेच्या बाजूला जुन्या खाणींचे कापलेले कडे आहेत, तिथे लांबून पाहिलं तरी कळतं की थर खाडीकडे, पश्चिमेला कललेत. मागच्या खेपेला ऐरोलीचे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले, वहीत सगळं टिपून घेणारे. ते थांबले आणि म्हणाले, "सर, तुमच्याच नियमाने बोलतो. थर बाहेर उतरतायत. म्हणजे मुख मुंब्र्याच्या बाजूला असणार." चूक होती, पण अशी चूक करणारा माणूस मला आवडतो. त्याने दगडाकडे बघून चूक केली.

म्हटलं, चला मुंब्र्याला. ज्वालामुखी असेल तर पलीकडच्या अंगाचे थर पूर्वेला उतरायला हवेत. धान्याची रास एकाच बाजूला उतरत नाही, चहूकडे उतरते. मुंब्रा स्टेशनवरून डोंगराकडे पाहिलं तर पूर्वेला उतरणारे थर नाहीत, समोर कडा आहे. तुटलेल्या थरांची डोकी आपल्याकडे आणि पाठ खाडीकडे. अख्खी रांग एकाच दिशेला झुकलेली, छपराच्या एकाच पाख्यासारखी. दुसरं पाखं नाहीच.

हा कल लाव्हा थिजल्यानंतरचा. भारताचा पश्चिम किनारा तुटला, सेशेल्स बेटांचा तुकडा सुटून लांब गेला, त्या काळाच्या आसपास ही किनारपट्टी खचून पश्चिमेला वाकली. भूशास्त्रात याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. मी मुलांना 'पनवेलचा बाक' सांगतो. बाकाच्या पूर्वेला माथेरान बघा, थर आडवे, माथा सपाट. पश्चिमेला मुंबईपर्यंत सगळं समुद्राकडे कललेलं. तेव्हा एका ठिकाणचा कल बघून निकाल देऊ नका. डोंगराच्या किमान दोन बाजू बघा, आणि कल चहूकडे आहे की एकाच दिशेला, ते विचारा. माझ्या मते सगळ्या सहलीत शिकण्यासारखी ही एकच गोष्ट आहे, बाकी डबा खायला येता तुम्ही.

मग लाव्हा आला कुठून? इथे 'ज्वालामुखी' हा शब्दच दगा देतो. मुख म्हटलं की आपण तोंड शोधतो, डोंगरावर खड्डा शोधतो. दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून आला. आइसलंडला १७८३ साली लाकी इथे असा उद्रेक झाला, सुमारे ८ महिने चालला. भेग २७ किलोमीटरची, म्हणजे ठाणे स्टेशनपासून सरळ रेषेत पनवेल गाठेल एवढी. बेसॉल्टचा लाव्हा पातळ असतो, लाव्हा घट्ट करणारी सिलिका त्यात साधारण निम्मीच, त्यातला वायू सहज सुटतो. म्हणून तो बहुतेक वेळा फुटण्यापेक्षा वाहतो आणि लांब पसरतो. लाकीच्या भेगेवर शंभराहून जास्त छोटे शंकूही झाले. आपल्याकडेही झाले असतीलच. पण सुट्या, जळक्या खड्यांची ती रास. कोकणच्या पावसात साडेसहा कोटी वर्षं टिकून त्यावर गड बांधता येईल, असं मानणाऱ्याने एकदा आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघावं.

टिकल्या त्या भेगा, म्हणजे त्यात थिजून राहिलेला लाव्हा. त्याला डाइक म्हणतात. मुरबाड-शहापूरकडे असे डाइक आहेत: आडव्या थरांना छेदून उभी गेलेली काळी भिंत. जवळ गेलात तर दगडाचे खांब आडवे रचलेले दिसतात, लाकडाच्या वखारीतल्या ओंडक्यांसारखे. लाव्हा थंड होताना खांब गार पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. पसरलेल्या थरात गारवा वरून-खालून, म्हणून खांब उभे. भेगेत गारवा दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून, म्हणून आडवे. प्रत्येक डाइकमधून लाव्हा वर पोचलाच असं नाही, काही वाटेतच थिजले. तरीही 'ज्वालामुखी दाखवा' असा हट्ट असेल तर मी सुळका दाखवत नाही, ही ओंडक्यांची भिंत दाखवतो. गर्दी नसते, सेल्फीही बरी येत नाही.

एक अपवाद मात्र मान्य करतो. येऊरच्या जंगलापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिंतीवर हात फिरवा. एकसंध काळा दगड नाही लागत. टोकदार, वेड्यावाकड्या तुकड्यांचा चिकटून झालेला खडक लागतो, कुठे सुपारीएवढा तुकडा, कुठे नारळाएवढा. हा ज्वालामुखीय ब्रेसिया, नुसत्या शांतपणे वाहिलेल्या लाव्हाचा नव्हे. मुंबईच्या बाजूला उद्रेकाचा शेवटचा काळ बराच धुमश्चक्रीचा होता, स्फोटही झाले. तिथे कुणी 'इथे ज्वालामुखी फुटला होता' म्हणालं तर मी मान डोलावतो. फक्त बोट भिंतीकडे दाखवा, डोंगराच्या टोकाकडे नको.