कॅथलिक शाळेतल्या काउन्सेलरची खुर्ची: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कूलमधला काउन्सेलर दिवसभर काय करतो? कुणाचे विषय बदलून देतो, कुणाच्या कॉलेजच्या अर्जाला शिफारसपत्र जोडतो, वर्गात रडू फुटलेल्या पोराला आपल्या खोलीत बसवून घेतो. सरकारी शाळेतला काउन्सेलरही हेच करतो. तरीही हे काम धर्माचं की नाही, यावर तिथल्या न्यायालयांनी पन्नास वर्षांत अगदी उलटसुलट निकाल दिले आहेत.

सुरुवातीला हा वाद नव्हता, कारण काउन्सेलरच नव्हता. १८८४ साली बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा काढण्याचा आदेश दिला. या शाळा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः सिस्टर्सच्या जिवावर. पोराचं काही बिनसलं तर सिस्टर बघायच्या, फारच झालं तर फादरांकडे पाठवायच्या. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, ती चळवळ चर्चबाहेरची.

१९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. हुशार पोरं हेरून विज्ञानाकडे वळवायची म्हणून १९५८ च्या कायद्याने मार्गदर्शनासाठी पैसा ओतला, पण राज्यांमार्फतचं ते अनुदान सरकारी माध्यमिक शाळांसाठी होतं. कॅथलिक शाळांत तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास मुलं होती. त्यात साठच्या दशकानंतर सिस्टर्सची संख्या झपाट्याने घटली. त्यांच्या जागी पगारी माणसं आली आणि पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न उभा राहिला.

पेनसिल्व्हेनिया राज्याने तोडगा काढला: सरकारी नोकरीतले काउन्सेलर खासगी शाळांत पाठवायचे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण तिथल्या घटनेनुसार सरकारला धर्माला पाठबळ देता येत नाही. शाळा धार्मिक, तिथल्या हवेत राहून सल्ल्यात धर्म झिरपेल, आणि तो झिरपत नाही ना हे बघायला सरकारला सतत पहारा ठेवावा लागेल, असं न्यायालयाचं म्हणणं. (आपल्याकडे अनुदानित कॉन्व्हेंट शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.) दोन वर्षांनी ओहायोच्या खटल्यात तर गंमतच झाली. मुलाची बोलण्या-ऐकण्याची तपासणी सरकारी माणसाने शाळेच्या इमारतीत केली तर चालेल, कारण तपासणाऱ्याचा मुलाशी संबंध थोडाच वेळ येतो. उपचार आणि मार्गदर्शन मात्र शाळेच्या आवाराबाहेर, हवं तर तिथे उभ्या केलेल्या गाडीत. म्हणजे बिथरलेल्या पोराने आधी फाटक ओलांडायचं आणि मग मन मोकळं करायचं! पुढे १९९७ आणि २००० च्या निकालांनी हे कुंपण बरंच सैल केलं.

मग पारडं दुसरीकडे झुकलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की धर्मसेवकाची भूमिका कुणाला द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची, यात नोकरीतल्या भेदभावाचे कायदे आड येणार नाहीत. २०२० मध्ये त्यात कॅथलिक शाळांचे शिक्षकही आले. आणि काउन्सेलर?

इंडियानापोलिसच्या रॉन्काली हायस्कूलमध्ये मार्गदर्शन विभागाच्या सहप्रमुख असलेल्या बाईंनी शाळेत जवळजवळ चाळीस वर्षं काढली होती. त्यांनी एका स्त्रीशी विवाह केल्याचं कळल्यावर शाळेने करार पुढे चालवला नाही. त्या कोर्टात गेल्या. आपलं काम विषयनिवड आणि कॉलेजप्रवेशाचं, प्रार्थना सांगण्याचं नव्हे, हा त्यांचा मुद्दा. पण करारावर काउन्सेलरच्या जोडीला ‘मिनिस्ट्री’ (म्हणजे धर्मसेवा) हा शब्द छापलेला होता, आणि मुलांपर्यंत श्रद्धा पोचवणं ही जबाबदारीही त्यात लिहिलेली होती. २०२२ मध्ये सातव्या सर्किटच्या (संघीय न्यायालयांच्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने निकाल शाळेच्या बाजूने दिला: बाईंनी प्रत्यक्षात काय केलं यापेक्षा शाळेने त्यांच्यावर काय सोपवलं होतं ते महत्त्वाचं. मला हा तर्क पटत नाही. असं असेल तर करार लिहिणाराच कायद्याची हद्द आखणार.

२०२३ मध्ये त्याच शाळेच्या आणखी एका काउन्सेलरचा दावाही याच न्यायालयात टिकला नाही. इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिनमधल्या संघीय न्यायालयांना हे निकाल बंधनकारक आहेत.